विमानावरून चालणारे संपर्कजाळे आणि आपला कृष्णा-कोयनाकाठ

यवतेश्वर (सातारा)

मंडळी, नमस्कार.

महापुरात किंवा दरड कोसळल्यावर मोबाईलचे मनोरे बंद पडले की "आकाशातून नेटवर्क का देत नाहीत" असा प्रश्न आपल्याकडे दरवेळी विचारला जातो आणि कोणीतरी उपग्रहाचे नाव घेऊन विषय संपवतो. मनोरा आणि उपग्रह यांच्या मधल्या जागेत, साधारण १० ते २० किलोमीटर उंचीवर, घिरट्या घालणारे विमानही संपर्काचे केंद्र होऊ शकते आणि ही कल्पना बरीच जुनी आहे. मी दूरसंचार क्षेत्रात ट्रान्समिशनचे काम करतो. सैन्यांनी या कल्पनेचे काय केले, कंपन्यांनी काय केले आणि सातारा-सांगलीसारख्या भूभागात तिचा उपयोग नेमका कुठे आहे, यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी भूमिती. रेडिओलहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे अँटेना जितकी उंच तितके तिचे क्षितिज लांब. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की सपाट प्रदेशातले रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. ४० मीटरच्या मनोऱ्यासाठी ते २६ किलोमीटर येते, तर १२ किलोमीटर उंचीवरच्या विमानासाठी ४५० किलोमीटर. कराडच्या डोक्यावर असे विमान असेल तर मुंबई, पणजी आणि सोलापूर ही तिन्ही शहरे एकाच वेळी त्याच्या टप्प्यात येतात. दुसरा मुद्दा अंतराचा. भूस्थिर उपग्रह (पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागी दिसणारा) सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, म्हणजे २० किलोमीटरवरच्या विमानाच्या १,८०० पट दूर. शक्ती अंतराच्या वर्गाने घटत असल्यामुळे त्याच ताकदीचा संदेश तिथून सुमारे ३२ लाख पटींनी क्षीण होऊन पोहोचतो. म्हणूनच खिशातला साधा फोन, काहीही बदल न करता, विमानाशी बोलू शकतो.

अमेरिकेतल्या वेस्टिंगहाऊस कंपनीने १९४५ मध्ये 'स्ट्रॅटोव्हिजन' नावाने दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण विमानातून करण्याची योजना मांडली आणि १९४८ मध्ये बी-२९ विमानावरून त्याच्या चाचण्या घेतल्या. ती योजना व्यवहारात आली नाही. मात्र १९६१ ते १९६८ या काळात इंडियाना राज्यातून पर्ड्यू विद्यापीठाच्या साहाय्याने डीसी-६ विमाने सुमारे २३,००० फुटांवर इंग्रजी आठच्या आकारात फिरत सहा राज्यांतल्या शाळांना धडे दाखवत असत. धड्यांच्या फिती विमानातच लावल्या जात. मला या उपक्रमाचे फार अप्रूप वाटते, कारण आपल्याकडे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून २,४०० खेड्यांत जे झाले त्याच्या आधीचे हे पाऊल आहे आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे.

अपशिंगेकर

यवतेश्वर साहेब, धागा चांगला आहे. मी सैन्यात सिग्नल्समध्ये नोकरी केली, त्यामुळे लष्करी बाजू थोडी सविस्तर लिहितो.

डोंगराळ मुलुखात व्हीएचएफ सेटची, म्हणजे सैनिकांच्या साध्या रेडिओची, अडचण अशी की दोन तुकड्या हवाई अंतराने चार-पाच किलोमीटरवर असल्या तरी मध्ये डोंगराची धार आली की आवाज बंद. मग त्या धारेवर रिले पोस्ट (संदेश पुढे देणारे ठाणे) लावावी लागते. म्हणजे दोन सेट, बॅटऱ्या, अँटेनाचे खांब, पाणी आणि तीन-चार जवान चढवावे लागतात आणि त्यांचे रेशनही रोज वर पोहोचवावे लागते. तुकड्या पुढे सरकल्या की पोस्टही हलवायची. ज्याने हे केले आहे त्याला, ही पोस्ट विमानात ठेवता आली तर काय होईल, हे समजावून सांगावे लागत नाही.

अमेरिकेला हा धडा अफगाणिस्तानात मिळाला. जून २००५ मध्ये कुनार प्रांताच्या डोंगरात चार जणांचे टेहळणी पथक वेढले गेले, त्याला तळाशी धड संपर्क साधता आला नाही आणि त्या मोहिमेत १९ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यानंतर तातडीची गरज म्हणून 'बीएसीएन' (युद्धक्षेत्रातले हवाई संपर्क-केंद्र) ही यंत्रणा उभी राहिली. आधी एका बिझनेस जेटवर आणि पुढे ग्लोबल हॉक या वैमानिकरहित विमानावरही ती बसवली गेली. जेटच्या रूपाला ई-११ए म्हणतात; ४०,००० फुटांच्या आसपास ते तासन्‌तास घिरट्या घालते.

लोक या विमानाला उडता रिपीटर समजतात, आणि माझ्या मते नेमके इथेच या विषयाचे मर्म हातून निसटते. एकाच पद्धतीचे रेडिओ लांबवर पोहोचवणे हे त्याचे दुय्यम काम आहे. पायदळाच्या जवानाचा साधा आवाजी सेट, लढाऊ विमानातली लिंक-१६ ही माहितीवाहिनी, जुन्या विमानांची वेगळी वाहिनी आणि मुख्यालयाकडे जाणारा उपग्रहमार्ग या सगळ्यांच्या लहरी वेगळ्या, संदेशाची बांधणी वेगळी, गुप्ततेच्या किल्ल्या वेगळ्या. ई-११ए त्यांच्यामध्ये दुभाष्यासारखे बसते. एकाचे ऐकून दुसऱ्याला त्याच्या पद्धतीने सांगते. हीच अडचण अगदी आधुनिक विमानांतही आहे. एफ-२२ आणि एफ-३५ यांच्या गुप्त वाहिन्या एकमेकींना कळत नाहीत, म्हणून २०२१ मध्ये यू-२ या १९५०च्या दशकातल्या रचनेच्या विमानावर यंत्रणा बसवून त्या दोघांना जोडण्याचा प्रयोग करावा लागला. इंधन भरणारी केसी-१३५ विमाने तशीही युद्धक्षेत्राजवळ फिरतच असतात, हे ओळखून त्यांतल्या काहींवर संदेश पुढे धाडणारी पेटी ठेवण्याची सोय केली गेली. हा विचार मला विशेष शहाणपणाचा वाटतो, कारण त्यासाठी नवे विमान लागत नाही.

आता किंमत. एक विमान सतत हवेत ठेवायचे तर एक कामावर, एक येण्या-जाण्यात आणि निदान एक दुरुस्तीत असा हिशेब धरावा लागतो. २७ जानेवारी २०२० रोजी गझनी प्रांतात एक ई-११ए कोसळून दोन्ही वैमानिक गेले. एका इंजिनाचे पाते तुटले आणि गडबडीत चालू असलेले दुसरे इंजिन बंद झाले, असे चौकशीत निघाले. शत्रूकडे लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे असतील तर मोठे, संथ आणि सतत प्रक्षेपण करणारे विमान आपण होऊन आपला पत्ता सांगत असते. रशियाचे इल-२२एम हे हवाई कमांड पोस्ट आणि संदेश-रिलेचे विमान २४ जून २०२३ रोजी वॅग्नर या खासगी सैन्याच्या बंडात पाडले गेले, त्यावरून काय ते समजावे.

आणखी एक उदाहरण राहवत नाही म्हणून देतो. समुद्राखालच्या पाणबुड्यांशी बोलायला अतिशय कमी वारंवारितेच्या लहरी लागतात आणि त्यांना अँटेनाही प्रचंड लांब लागते. अमेरिकी नौदलाचे ई-६बी विमान मागे सुमारे आठ किलोमीटर लांबीची तार सोडते आणि मग एका बाजूला कलून इतक्या लहान वर्तुळात फिरत राहते की तारेचे खालचे टोक जवळजवळ एका जागी ठरते आणि तार उभी लोंबते. उडत्या यंत्राला उंच मनोऱ्याचे काम करायला लावण्याचा याहून थेट प्रकार माझ्या माहितीत नाही.

मिरज_जंक्शन

काका, माहिती फार मोलाची आहे. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की आता कमी उंचीवरचे उपग्रह थेट फोनशी बोलू लागले आहेत, तर विमानाची गरजच काय उरते? आणि दुसरा, आपल्या डोक्यावरून रोज एवढी प्रवासी विमाने जातात, त्यांनाच एकमेकांशी जोडून जाळे का करू नये?

यवतेश्वर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंतरातच आहे. पाचशे किलोमीटरवरून साध्या फोनचा क्षीण आवाज ऐकायचा तर उपग्रहाला फार मोठी अँटेना उलगडावी लागते; सप्टेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ब्लूवॉकर-३ या प्रायोगिक उपग्रहाची अँटेना ६४ चौरस मीटरची होती. तरीही त्याच्या एका झोताखाली (लहरींच्या एका पट्ट्याखाली) फार मोठा प्रदेश येतो आणि त्या प्रदेशातल्या सगळ्यांना क्षमता वाटून घ्यावी लागते. विमान जवळ असल्यामुळे त्याचे झोत लहान ठेवता येतात. उपग्रह सदासर्वदा वर असतो, हा त्याचा निर्विवाद फायदा आहे. म्हणून मी या दोघांना प्रतिस्पर्धी मानत नाही. विमानाला जमिनीवरच्या मुख्य जाळ्याशी जोडणारा दुवा बहुतेकदा उपग्रहातूनच जाईल.

प्रवासी विमानांच्या जाळ्याची कल्पना अनेकांनी मांडली आहे, परंतु ती विमाने आपल्या सोयीसाठी थांबत नाहीत. ताशी ८००-९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान अर्ध्या तासात जिल्हाच काय, विभाग ओलांडते. दिवसा मार्गांवर गर्दी आणि उत्तररात्री विरळ रहदारी असते. समुद्रावरच्या विमानांनी एकमेकांचे संदेश पुढे देणे याला अर्थ आहे, पण जमिनीवरच्या गावाला त्यावर विसंबता येणार नाही.

कंपन्यांचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. १९९८ मध्ये उडालेले विमानरचनाकार बर्ट रुटान यांचे प्रोटियस हे विमान शहरांवर फिरत इंटरनेट द्यावे या हेतूने आखले गेले होते. तो व्यवसाय उभा राहिला नाही. फेसबुकचे सौरशक्तीवरचे अक्विला २०१६ मध्ये उडाले आणि २०१८ मध्ये तो प्रकल्प बंद झाला. गुगलच्या लून फुग्यांनी २०१७ मध्ये वादळग्रस्त पोर्तो रिकोत आणि २०२० मध्ये केनियात सेवा दिली, तरी जानेवारी २०२१ मध्ये तेही गुंडाळले गेले. एअरबसचे झेफिर हे २५ मीटर पंखांचे आणि अवघ्या ७५ किलो वजनाचे सौर विमान २०२२ मध्ये ६४ दिवस सलग हवेत राहून ॲरिझोनात कोसळले. यांत तंत्र चालत नाही असे कुठेच दिसत नाही. रोजच्या ग्राहकाला रोज सेवा द्यायची तर जमिनीवरचा मनोरा स्वस्त पडतो, एवढेच त्यातून दिसते. आणि मनोरा जिथे उभाच राहिला नाही किंवा पाण्यात गेला, तिथे हा हिशेब उलटतो.

इर्विनकाठ (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत राहते आणि दूरसंचार हा विषय शिकवते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत आमच्या भागातले मनोरे पडले नव्हते, ते जागेवर उभे होते. आधी वीज गेली, मग बॅटऱ्या संपल्या, काही ठिकाणी जनरेटर तळमजल्यावर असल्याने बुडाले आणि जे वर होते त्यांना डिझेल पोहोचवायला नाव हवी होती, तर प्रत्येक नाव माणसे काढण्यात गुंतलेली होती. आमच्या गल्लीतल्या एका गच्चीवर मनोऱ्याच्या कपाटाचे दार उघडून दोन तरुण एका लहान इन्व्हर्टरच्या तारा जोडायला धडपडत होते, हे मी समोरच्या गच्चीवरून पाहत होते. त्यांनी कपाटातला दिवा पेटवला, पण त्या मनोऱ्याचा पुढचा दुवा ज्या मनोऱ्यावर होता तो आधीच बंद होता. त्यामुळे विमानाची चर्चा करताना पहिला खर्च बॅटरी, जनरेटरची उंची आणि पर्यायी दुवे यांवर व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

आता विमानाच्या क्षमतेबद्दल. ऑक्टोबर २०२० मध्ये जर्मनीत बव्हेरियावर ग्रोब जी-५२० या विमानातून सुमारे १४ किलोमीटर उंचीवरून साध्या ४जी फोनला सेवा देण्याची चाचणी झाली. उतरता (फोनकडे येणारा) वेग सेकंदाला सुमारे ७० मेगाबिट आणि चढता (फोनकडून जाणारा) सुमारे २० मेगाबिट मिळाला. ऐकायला हे भरपूर वाटते, पण तो एका झोताचा वेग आहे. त्या झोताखाली मिरज, पलूस आणि वाळवा तालुके आले तर लाखो फोन त्याच २० मेगाबिटांसाठी एकाच वेळी धडपडतील. एका बोलण्याला ढोबळमानाने ५० किलोबिट धरले तर चढत्या दिशेने एका वेळी ४०० संभाषणे होतात, आणि पहिल्याच मिनिटाला व्हिडिओ पाठवणारे पन्नास जण ती सगळी जागा अडवू शकतात. लांबवर पोहोचणे आणि सगळ्यांना पुरणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांत फक्त पहिलीच सांगितली जाते.

म्हणून अशा विमानाने इंटरनेट देऊच नये. फक्त एसएमएस, आपत्कालीन क्रमांकाचे कॉल आणि प्रशासनाचे ठरवून दिलेले फोन एवढेच चालू ठेवावे. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरे मावतात. "आम्ही सहा जण शाळेच्या गच्चीवर आहोत, आजींना इन्सुलिन हवे" हा मजकूर त्यात सहज बसतो आणि व्हिडिओच्या एका सेकंदाच्या जागेत असे शेकडो निरोप जातात.

कोयनाकाठ (पाटण)

इर्विनकाठ ताईंचे म्हणणे पटले. आमची अडचण मात्र निराळी आहे. २२ जुलै २०२१ च्या रात्री आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा पाटणच्या पश्चिमेकडच्या कितीतरी वाड्यांत रेंजचा प्रश्न पावसाळ्याआधीपासूनच होता. दोन्ही बाजूंना उभे डोंगर असल्यामुळे फोन लावायचा तर एखाद्या ठरावीक वळणावर किंवा सड्यावर (डोंगरमाथ्याच्या पठारावर) जावे लागते, आणि त्या पावसात रात्री सड्यावर जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. विमान ४५० किलोमीटर पाहू शकते हे खरे, पण आमच्या दरीच्या तळाशी ते पोहोचेल का?

यवतेश्वर

हा प्रश्न मोजून सोडवता येतो. समजा विमान कराडवर जमिनीपासून १२ किलोमीटर उंच आहे आणि तुमची वाडी तिथून सरळ रेषेत ४५ किलोमीटर आहे. तर वाडीतून ते क्षितिजाच्या वर सुमारे १५ अंशांवर दिसेल. वाडीपासून एक किलोमीटरवर ४०० मीटर उंच धार असेल तर ती धार २२ अंशांपर्यंत आकाश झाकते, म्हणजे विमान धारेमागे गेले. तेच विमान वाडीपासून २० किलोमीटरवर आणले की कोन ३१ अंश होतो आणि मार्ग मोकळा होतो. म्हणून सह्याद्रीत क्षितिजाच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. घिरट्यांचे वर्तुळ कोयना खोऱ्याच्या थेट वर आणि लहान ठेवावे लागेल.

पावसाबद्दलही लिहितो. फोनच्या लहरींवर पावसाचा परिणाम नगण्य असतो, परंतु विमान आणि उपग्रह यांच्यातल्या उच्च वारंवारितेच्या दुव्यावर तो होतो. बहुतेक ढग खाली ठेवून विमान उडत असेल तर तोही कमी होतो. सौर विमानांची गोष्ट निराळी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये द्वीपकल्पावर १४-१६ किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात पूर्वेकडून येणारा वाऱ्याचा जोरदार झोत असतो, ताशी १०० किलोमीटरहून अधिक. ७५ किलोच्या विमानाला ऐन पावसाळ्यात ढगांमधून आणि त्या झोतामधून २० किलोमीटरवर चढवणे फार अवघड आहे; ते आधीच, मे महिन्यात, वर नेऊन ठेवावे लागेल. आपल्याकडे राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने लहान आकाराच्या सौर विमानाच्या चाचण्या २०२४ मध्ये कर्नाटकातल्या चळ्ळकेरे येथे घेतल्या आणि डीआरडीओने मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून स्थितांबरातले (वातावरणाच्या वरच्या थरातले) फुग्यासारखे तरंगणारे वायुयान सुमारे १७ किलोमीटरवर नेले. ही कामे पुढे जावीत असे मनापासून वाटते. तोवर आपल्यासाठी दोन इंजिनांचे साधे टर्बोप्रॉप विमान, पोटाखाली अँटेनाची पेटी आणि कोल्हापूर किंवा पुण्याहून उड्डाण, हेच शक्य कोटीतले आहे. ते १२ किलोमीटरवर जाणार नाही, सात-आठवर फिरेल. खोऱ्याच्या डोक्यावर राहिले तर तेवढी उंची पुरते.

अपशिंगेकर

मी पुन्हा दुभाष्याच्या मुद्द्यावर येतो, कारण पुरात आपली खरी अडचण तीच असते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, पोलीस, पाटबंधारे विभाग आणि गावातले नावाडी यांच्याकडे आपापली साधने असतात, पण त्यांची एकमेकांशी गाठ नसते. एका तुकडीला कुठे पाणी वाढते आहे ते कळते आणि दुसरी तुकडी त्याच बाजूला नाव घालते. विमानात बसवायची ती जोडयंत्रणा जिल्हाधिकारी कार्यालयातही बसते आणि तिला उडावे लागत नाही. वेगवेगळे सेट एका पेटीला जोडून आवाज इकडून तिकडे देणे हे जुने आणि स्वस्त तंत्र आहे. मोबाईलच्या बाबतीत त्याचाच भाऊ म्हणजे एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या चालू मनोऱ्यावर घेण्याची मुभा. चक्रीवादळांच्या वेळी दूरसंचार विभागाने ती दिलेली आहे. विमानही एकाच कंपनीचे नेटवर्क घेऊन उडाले तर वाडीतल्या निम्म्या फोनांना त्याचा उपयोग होणार नाही. ही परवानगी, वारंवारिता आणि किल्ल्या पावसाळ्याच्या आधी ठरल्या पाहिजेत. पाणी चढल्यावर त्या ठरत नाहीत.

इर्विनकाठ (सांगली)

काकांशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालते. सांगलीसारख्या सपाट शहरासाठी विमानाच्या आधी केबलने बांधलेला ड्रोन येतो. वीज केबलमधून मिळत असल्याने तो तासन्‌तास शंभर मीटरवर उभा राहतो, तेवढ्या उंचीवरून ४१ किलोमीटरचे क्षितिज मिळते आणि झोत लहान असल्याने क्षमता कमी लोकांत वाटली जाते. सोसाट्याच्या वाऱ्यात तो उतरवावा लागेल ही मर्यादा आहे, पण आमच्या पुरात पाणी वरून धरणांतून येते आणि बऱ्याचदा शहरात वारा शांत असतो. म्हणजे सांगलीला ड्रोन आणि पाटणला विमान अशी वाटणी मला योग्य वाटते.

यवतेश्वर

ही वाटणी मलाही मान्य आहे. कोयनाकाठ दादा, एक काम कराल का? मोबाईलमधल्या कोनमापकाने तुमच्या वाडीच्या शाळेच्या अंगणातून आठही दिशांना डोंगराची धार किती अंशांवर दिसते ते मोजून इथे लिहा. आसपासच्या वाड्यांचेही मिळाले तर वर्तुळ कुठे आखावे लागेल याचा कच्चा नकाशा मी करतो.

कोयनाकाठ (पाटण)

आजच शाळेच्या अंगणातून मोजले. पश्चिमेला २४ अंश, वायव्येला २६, उत्तरेला १९, ईशान्येला १२, पूर्वेला ९, आग्नेयेला १४, दक्षिणेला २१ आणि नैर्ऋत्येला २३. वरच्या वाडीतून पूर्वेला फक्त ६ अंश येतात, पण तिथे दक्षिणेची धार ३० अंशांपर्यंत चढते. पलीकडच्या काठावरच्या दोन वाड्यांचे मोजमाप तिथले शिक्षक रविवारी करून देणार आहेत.

यवतेश्वर

उत्तम. या आकड्यांवरून वर्तुळाचा मध्य वाडीच्या पूर्वेला ठेवणे सोयीचे दिसते. आठ किलोमीटर उंचीवरचे विमान पूर्वेला २० किलोमीटरवर असले तरी २२ अंशांवर येते, म्हणजे ९ अंशांच्या धारेच्या बरेच वर. वरच्या वाडीसाठी मात्र वर्तुळाचा दक्षिणेकडचा भाग १३ किलोमीटरच्या आत यायला हवा, नाहीतर विमान त्या भागात असताना दर फेरीत काही मिनिटे संपर्क तुटेल. पलीकडच्या काठाचे आकडे आले की दोन्ही वर्तुळे एकाच नकाशावर टाकतो.